लाईट आली तरी जनरेटर बंद होईना: थरथरत्या टच पॅनेलचं एक प्रकरण

सांगली जिल्ह्यातलं बेदाण्याचं एक शीतगृह. महावितरणची लाईट गेली की डीजी सेट (डिझेल जनरेटर) आपोआप सुरू व्हावा, लाईट परत आली की लोड तिकडे देऊन आपोआप बंद व्हावा, अशी ऑटो व्यवस्था. तक्रार अशी की लाईट येऊन तास झाला तरी सेट चालूच, डिझेल जळतंय. कधी उलटंही व्हायचं. लाईट गेली आणि सेट जागचा हलला नाही. बेदाण्याचं काही बिघडलं नाही, कारण थंड झालेला एवढा साठा काही तास तग धरतो. पण ऑपरेटरमामांची झोप उडाली होती.

दोन्ही लक्षणं ऐकली की कुणाचाही हात आधी मेन्स तपासणाऱ्या सर्किटकडे जातो. लाईट आल्याचं कंट्रोलरला कळत नसेल, फेज मॉनिटर गेला असेल, कॉन्टॅक्टर चिकटला असेल. त्या रांगेनं सगळं तपासून झालं होतं, काही बदलूनही झालं होतं. फरक शून्य. खरा धागा मामांच्या बोलण्यात होता. "साहेब, मी ऑटोवर ठेवून जातो, आणि परत येऊन बघतो तर ह्यो मॅन्युअलवर. मी हात बी लावलेला नसतो." सर्व्हिसवाल्यांनी याचा अर्थ 'मामांच्या हातून चुकून दाबलं जातंय' असा लावून विषय मिटवला होता.

मामांचं म्हणणं जसंच्या तसं खरं धरलं तर दोन्ही तक्रारी एका झटक्यात जुळतात. सेट चालू असताना कुणी तरी ऑटोचं मॅन्युअल करतंय. मग लाईट आली तरी कंट्रोलर स्वतःहून सेट बंद करणार नाही. मामा येऊन हातानं बंद करतात, मोड तसाच राहतो, आणि पुढच्या वेळी लाईट गेली की सेट सुरू होत नाही. प्रश्न एवढाच उरतो की दाबतंय कोण.

ऑटो-मॅन्युअलचं बटण कंट्रोलरच्या टच पॅनेलवर होतं. पॅनेल सात इंची, चार तारांचं रेझिस्टिव्ह टच, म्हणजे दाबावर चालणारं. अशा पॅनेलमध्ये खाली काच, वर प्लास्टिकची पातळ फिल्म, दोन्हींच्या समोरासमोरच्या बाजूंवर वीजवाहक पारदर्शक थर, आणि मध्ये डोळ्याला जेमतेम दिसतील असे अंतर राखणारे ठिपके. बोट टेकलं की फिल्म वाकून खालच्या थराला लागते. एका थरावर व्होल्टेज लावून दुसऱ्यावरून वाचलं की आडवी जागा कळते, उलट केलं की उभी. दाबाचा अंदाज घेण्यासाठी दोन थरांना तिरकं जोडून आणखी दोन रीडिंग घेतात, त्यावरून संपर्काचा रोध काढता येतो. बोट जितकं घट्ट, तितका रोध कमी. एडीएस७८४६ किंवा एक्सपीटी२०४६ जातीची १२ बिटची चिप हे सगळं करून देते. स्वस्त, ग्रीसच्या हातानं चालणारं, हातमोज्यानंही दबणारं. इंजिनाच्या कामाला आजही मला हेच बरं वाटतं.

आता हे पॅनेल बसवलं कुठे होतं ते बघा. ध्वनिमर्यादेचे नियम आल्यापासून, म्हणजे एक मीटरवर ७५ डेसिबलची अट लागल्यापासून, सेट पत्र्याच्या कॅनोपीत गेला आणि कंट्रोल पॅनेलही त्याच्याबरोबर आत गेलं. इथे पॅनेलचा डबा अल्टरनेटरच्या डोक्यावर ब्रॅकेट टाकून बसवलेला होता. इंजिन आणि अल्टरनेटर मिळून रबर माउंटिंगवर उभे असतात. हे रबर बेस फ्रेमला हादऱ्यांपासून वाचवतं. पण डबा रबराच्या वरच्या बाजूला, म्हणजे हलणाऱ्या वस्तूवरच होता. वायरिंग आखूड होतं, जुळणी सोपी होते, म्हणून लहान सेटवर ही पद्धत सर्रास दिसते.

चार सिलिंडरचं, चार स्ट्रोकचं इंजिन, १५०० आरपीएम. म्हणजे सेकंदाला २५ फेरे. प्रत्येक फेऱ्यात दोन सिलिंडर पेटतात, त्यामुळे धक्के सेकंदाला ५०. शिवाय चार सिलिंडरच्या सरळ इंजिनात पिस्टनच्या वरखाली होण्यातून उरणारा असमतोल बरोबर फेऱ्याच्या दुप्पट गतीचा असतो, तोही ५० हर्ट्झ. आणि याच इंजिनाला जोडलेला अल्टरनेटर ५० हर्ट्झचीच वीज तयार करतो. हादराही पन्नासचा, विजेचा गुणगुणाटही पन्नासचा. ऑसिलोस्कोपवर टचच्या तारेवर ५० हर्ट्झ दिसले की जागेवरचे सगळे एका सुरात म्हणतात, "अर्थिंग बघा." अर्थिंगवर खापर फोडायला आपल्याकडे फार मुहूर्त लागत नाही.

दोन्ही पन्नास वेगळे करायचा साधा उपाय म्हणजे एव्हीआरचा, म्हणजे अल्टरनेटरचं व्होल्टेज सांभाळणाऱ्या सर्किटचा, पुरवठा काढून इंजिन चालवणं. लोड अर्थातच तोडलेला. अल्टरनेटर फिरतो, पण चुंबकीय फील्ड नसल्यानं व्होल्टेज उरतं ते नावापुरतं. कंट्रोलर बॅटरीवर असल्यानं जागा राहतो. वीज गेली, हादरा तसाच. खोटे स्पर्श येतच राहिले. मग व्होल्टेज परत आणलं, पॅनेल डब्यातून सोडवून तारांसकट बाहेर जाड स्पंजवर ठेवलं. वीज आहे, हादरा नाही. खोटे स्पर्श थांबले. अर्थिंगचा विषय तिथे संपला.

पण हादऱ्यानं फिल्म खाली टेकते, एवढं म्हणून भागत नाही. सात इंची फिल्म ५० हर्ट्झला सहजासहजी टेकत नाही, ठिपके त्यासाठीच असतात. खोट्या स्पर्शांच्या जागा नोंदवून कागदावर काढल्या, तेव्हा त्या पडद्यावर विखुरलेल्या नव्हत्या. डाव्या-खालच्या कोपऱ्यात, कडेलगतच्या एका पट्टीत गोळा झाल्या होत्या. त्या कोपऱ्याचा क्लॅम्प बाकीच्यांपेक्षा जास्त आवळलेला होता. पाणी-धूळ आत जाऊ नये म्हणून चौकटीमागे रबरी गॅस्केट असतं. क्लॅम्प आवळला की गॅस्केट चेपतं, चौकट फिल्मच्या कडेवर बसते आणि त्या कोपऱ्यात दोन थरांमधलं अंतर आधीच कमी होऊन जातं. उरलेलं अंतर हादरा भरून काढतो. आणि डिझाइन करणाऱ्यानं ऑटो-मॅन्युअलचं बटण नेमकं त्याच कोपऱ्यात ठेवलं होतं. इंजिन बंद असताना तपासलं तर सगळं ठणठणीत. वर्कशॉपमध्ये पॅनेल टेबलावर ठेवून तपासतात, त्यामुळे तिथे दोष सापडणं शक्यच नव्हतं.

इथवर यांत्रिकी झाली. मला जास्त रस पुढच्या भागात आहे. फर्मवेअरमध्ये, म्हणजे पॅनेलच्या आतल्या प्रोग्राममध्ये, डिबाउन्स होतं: चुकून आलेले क्षणिक स्पर्श गाळणारी तपासणी. खोट्या स्पर्शांपासून वाचवायला ते लिहिलेलं असतानाही ते स्पर्श आत शिरले कसे?

फर्मवेअर दर २० मिलिसेकंदाला एक रीडिंग घेत होतं. लागोपाठच्या दोन रीडिंगांत स्पर्श दिसला, दोन्ही जागा जवळजवळ सारख्या निघाल्या, तर बटण दाबलं असं मानत होतं. २० मिलिसेकंद निवडण्यामागचा हेतू कोडमधल्या शेऱ्यातच होता: ५० हर्ट्झचा गुणगुणाट मारण्यासाठी. यात दोन गोष्टींची गल्लत आहे. २० मिलिसेकंदभर सलग वाचून सरासरी घेतली तर ५० हर्ट्झ खरोखर मरतो. दर २० मिलिसेकंदाला एकदाच डोकावलं तर तो मरत नाही, फक्त दिसेनासा होतो. हादऱ्याचं चक्र २० मिलिसेकंदांचं, डोकावणंही तेवढ्याच अंतरानं. म्हणजे प्रत्येक वेळी फिल्म चक्राच्या त्याच टप्प्यावर सापडणार. पहिल्या रीडिंगला टेकलेली असेल तर दुसऱ्यालाही टेकलेलीच. एकाच खिडकीतून पाहिलेल्या दोन साक्षीदारांची साक्ष जुळली म्हणून घटना सिद्ध होत नाही, तसला हा प्रकार.

याचा पुरावा सेटनंच दिला. इंजिनाचा वेग सांभाळणारा गव्हर्नर जुना, यांत्रिक असेल तर अशा सेटवर रिकाम्या लोडला फ्रीक्वेन्सी ५२ च्या आसपास ठेवतात, म्हणजे पूर्ण लोडला ती पन्नासवर येऊन बसते. हा सेट तसाच होता. रिकाम्या लोडला हादरा सेकंदाला ५२ वेळा, रीडिंग ५० वेळा. दोन्हींतला फरक २. म्हणजे रीडिंगच्या नजरेनं फिल्म सेकंदाला दोनदा संथपणे खालीवर होते. समजा, चक्राच्या एक चतुर्थांश वेळ फिल्म खरोखर टेकते. मग २५ रीडिंगांच्या या संथ चक्रात लागोपाठ सहा रीडिंग 'दाबलेलं' दाखवतात. ते झाले १२० मिलिसेकंद. माणूस बटण टिचकतो तेव्हाही साधारण एवढाच वेळ लागतो! डिबाउन्सला तो अस्सल माणूस वाटला यात नवल नाही. कॉम्प्रेसर चालू होऊन लोड अर्ध्यावर आला की फ्रीक्वेन्सी ५१, फरक १, आणि खोटा स्पर्श पाव सेकंदाचा. लोड बदलेल तशी स्पर्शांची लय बदलताना नोंदींमध्ये स्पष्ट दिसत होती. विजेच्या गोंगाटात किंवा सैल तारेत अशी शिस्त नसते.

पूर्ण लोडला तर फरक जवळजवळ शून्यावर येतो, आणि चित्र गोठतं. फिल्म टेकलेल्या टप्प्यावर रीडिंग अडकलं तर कित्येक सेकंद बटण दाबून धरल्यासारखं दिसेल. न टेकलेल्या टप्प्यावर अडकलं तर खोटा स्पर्श अजिबात दिसणार नाही, आणि सर्व्हिसवाला 'माझ्यासमोर काही झालं नाही' म्हणत परत जाईल. झालंही तसंच होतं. जुलै २०२३ पासून लागू झालेल्या उत्सर्जनाच्या नव्या मानकांमुळे इलेक्ट्रॉनिक गव्हर्नरची इंजिनं जास्त येऊ लागली आहेत. ती लोड कितीही असला तरी १५०० ला चिकटून राहतात. त्यांच्यावर हे फर्मवेअर चढवलं तर गोठलेलं चित्र हीच रोजची स्थिती होईल.

पहिली सूचना अपेक्षित होती: बटण एक सेकंद दाबून धरायला लावा. वरचा हिशेब बघता ती एकटी पुरणार नाही हे उघड आहे, कारण गोठलेल्या चित्रात खोटा स्पर्शही सेकंदभर 'दाबून धरतो'. दुसरी सूचना रीडिंग लागोपाठ, भराभर घ्यायची. लिनक्समधल्या एडीएस७८४६ च्या ड्रायव्हरमध्ये हीच सोय आहे. एकाच जागेची रीडिंग लगोलग पुन्हा घ्यायची, ठरलेल्या फरकाच्या आत किती जुळली ते बघायचं, मगच पुढे जायचं. विजेच्या टोकदार गोंगाटावर हा उपाय चांगला चालतो. पण ही रीडिंग मायक्रोसेकंदांच्या अंतरानं होतात आणि ५० हर्ट्झचं अर्धं चक्रच १० मिलिसेकंदांचं असतं. तेवढ्यात फिल्म जागची हलत नाही. फार दूर डोकावलं तर तोच टप्पा, फार जवळ डोकावलं तरीही तोच टप्पा.

खरं बोट आणि खोटा स्पर्श यांतला भरवशाचा फरक असा की हादऱ्यानं टेकलेली फिल्म चक्रातला थोडाच काळ टेकलेली असते, तर बोट जवळजवळ सगळा काळ टेकलेलं असतं, मध्ये एखादा क्षण निसटत असलं तरी. म्हणून 'स्पर्श आहे का' असं न विचारता 'पूर्ण चक्रातला किती हिस्सा स्पर्श आहे' असं विचारायला हवं. त्यासाठी चक्र पूर्ण दिसलं पाहिजे, आणि सगळ्यात लांब चक्रही त्यात मावलं पाहिजे.

सगळ्यात लांब चक्र कोणतं, यावर थोडा काथ्याकूट झाला. ५० हर्ट्झचं २० मिलिसेकंद, फेऱ्याचं ४०. पण एखादं नोझल डिझेल कमी मारत असेल, एक सिलिंडर अशक्त असेल, तर धक्क्यांची लय दोन फेऱ्यांतून एकदा मोडते. म्हणजे १२.५ हर्ट्झ, ८० मिलिसेकंद. ही कमी फ्रीक्वेन्सी दिसते त्यापेक्षा त्रासदायक आहे. त्वरण सारखंच, समजा एक जी (गुरुत्वाकर्षणाएवढं), धरलं तर ५० हर्ट्झला हालचाल मध्यापासून ०.१ मिलिमीटर, २५ ला ०.४, आणि १२.५ ला जवळपास १.६ मिलिमीटर. ऑपरेटर जमिनीवर उभा, त्याचा हात स्थिर, पॅनेल हलतंय. दशांश मिलिमीटर बोटाचं मांस झेलून घेतं. दीड मिलिमीटरला बोट सुटतं आणि एका दाबण्याचे दोन-तीन तुकडे होतात. सेटिंग एकनं वाढवायला जावं आणि ते तीननं वाढावं, ही मामांची दुसरी तक्रार इथली होती. आधी ती कुणी लिहूनही घेतली नव्हती.

म्हणून ८४ मिलिसेकंदांची सरकती खिडकी ठरवली. तिच्यात दर ३ मिलिसेकंदाला एक, अशी २८ रीडिंग. तीनचा मेळ वीसशी, चाळीसशी किंवा ऐंशीशी बसत नाही, त्यामुळे रीडिंग चक्राच्या वेगवेगळ्या टप्प्यांवर पसरतात. त्यातही प्रत्येक अंतर अर्धा मिलिसेकंद इकडेतिकडे मुद्दाम हलवलं, म्हणजे दुसऱ्या एखाद्या फ्रीक्वेन्सीशी गाठ पडायला नको. ३३३ हर्ट्झला तीन मिलिसेकंदांची अडचण आलीच असती, पण तिथे एक जीला हालचाल दोन मायक्रोमीटरच्या आसपास. तिची भीती नव्हती.

नियम असा. खिडकीतल्या ७० टक्के रीडिंगांत स्पर्श असेल तर दाबलं. ३० टक्क्यांच्या खाली आलं तर सोडलं. मधलं काही असेल तर आधीची स्थिती तशीच राहू द्यायची. चतुर्थांश टेकणारी फिल्म सत्तरपर्यंत पोचत नाही. निसटणारं बोट तीसच्या खाली जात नाही, म्हणून एका दाबण्याचे तुकडेही पडत नाहीत. दाबलं हे ठरायला साधारण ६० मिलिसेकंद लागतात. हाताला तो उशीर जाणवत नाही.

एकेक रीडिंग 'स्पर्श' म्हणून कधी मोजायचं, यात दाबाचा वाटा आहे. संपर्काचा रोध ठरावीक मर्यादेच्या खाली असेल तरच मोजायचं. पण केवळ दाबावर निवाडा सोडण्याच्या मी विरुद्ध होतो, कारण आवळलेल्या कोपऱ्यात खोट्या स्पर्शाचा रोध हलक्या बोटाच्या रोधात मिसळतो. शिवाय आधी ती रीडिंगच विश्वासार्ह नव्हती. गोंगाट मारायला टचच्या तारांवर ०.१ मायक्रोफॅरडचे कपॅसिटर लावले होते. थराचा रोध ५०० ओहम धरला तर वेळस्थिरांक (व्होल्टेज किती भराभर स्थिरावतं त्याचं माप) ५० मायक्रोसेकंद, आणि १२ बिटच्या अचूकतेपर्यंत स्थिरावायला त्याच्या आठ-नऊपट, म्हणजे चारशे मायक्रोसेकंदांहून जास्त. फर्मवेअर त्याच्या आतच वाचत होतं. आडव्या मापाचं उरलेलं व्होल्टेज दाबाच्या मापात मिसळत होतं. कपॅसिटर ०.०१ चे केले आणि थर बदलल्यावर थोडं थांबून वाचायला लावलं, तेव्हा दाबाचे आकडे पहिल्यांदा अर्थपूर्ण झाले. दाब जागेच्या आधी एकदा आणि नंतर एकदा मोजायचा, दोन्हींत स्पर्श असेल तरच मधली जागा खरी धरायची, हेही ठरलं. जागेसाठी सरासरीऐवजी मध्यक, म्हणजे क्रमानं लावल्यावर मधोमध येणारं रीडिंग, घेतला. सरासरीत एखादं भरकटलेलं रीडिंग बटणाच्या बाहेर ओढून नेतं.

यांत्रिक बाजू पटकन उरकली. गॅस्केट फिल्मच्या चालू भागावर येणार नाही एवढं बाहेर घेतलं, क्लॅम्प ठरलेल्या टॉर्कनं आवळायचं ठरलं, आणि नव्या सेटवर पॅनेलचा डबा अल्टरनेटरवरून उतरवून बेस फ्रेमवर, रबराच्या खालच्या बाजूला आणला. हा शेवटचा बदल सगळ्यात प्रभावी आहे. पण विकून झालेल्या सेटवर तो कोण करणार? त्यांच्यासाठी फर्मवेअरच.

एक काळ मात्र असा आहे की तेव्हा टचवर विसंबूच नये: सुरू होताना आणि बंद होताना. इंजिनाचा वेग रबर माउंटिंगच्या स्वतःच्या फ्रीक्वेन्सीतून जातो तेव्हा अख्खा सेट डुलतो, आणि ऑपरेटरचा हात नेमका तेव्हाच पॅनेलवर असतो. म्हणून फ्लायव्हीलजवळच्या मॅग्नेटिक पिकअप या सेन्सरवरून इंजिनाचा वेग घेऊन, तो मधल्या पट्ट्यात असेपर्यंत मोड बदलण्याची आज्ञा घ्यायचीच नाही असं केलं. मोडचं बटण कोपऱ्यातून मध्याकडे हलवलं. ते दाबून धरल्यावर खात्रीचा प्रश्न पडद्याच्या दुसऱ्या बाजूला येतो, कारण एकाच जागी येणारा खोटा स्पर्श दोन ठिकाणी उत्तर देऊ शकत नाही. आज्ञा बोट उचलल्यावर लागू होते, तीही बोट त्याच बटणावरून उचललं तरच. तातडीनं बंद करायचं लाल बटण आधीपासून स्वतंत्र, थेट इंधनाच्या सोलेनॉइडला जोडलेलं होतं. ते पडद्यावर आणून पॅनेल 'स्वच्छ' करायची कल्पना एका बैठकीत निघाली होती. ती तिथेच गाडली हे चांगलं झालं.

कपॅसिटिव्ह टच घ्या, त्यात हलणारी फिल्मच नाही, असंही कुणी सुचवलं. फिल्मचा प्रश्न सुटतो हे खरं. पण हलत्या पॅनेलवर बोट निसटायचं ते निसटतंच, ओल्या किंवा जाड मोज्यातल्या हाताचा नवा प्रश्न येतो, आणि काच व डिस्प्ले यांच्यात हवेची फट ठेवली असेल तर हादऱ्यानं तीही बदलत राहते. किंमत तर वेगळीच. बेत रद्द झाला.

तपासणीची पद्धत बदलावी लागली, आणि माझ्या मते या प्रकरणातला तो सगळ्यात महत्त्वाचा बदल आहे. हे पॅनेल आयईसी ६००६८-२-६ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या कंपन चाचणीत पास झालेलं होतं. हादऱ्याच्या टेबलावर तासन्तास हलवून नंतर चालू करून बघितलं होतं, काही तुटलं नव्हतं. हलत असताना ते काय सांगत होतं, हे कुणी वाचलंच नव्हतं. आता टेबल चालू असतानाच कच्ची रीडिंग नोंदवली जातात, फ्रीक्वेन्सी सावकाश सरकवली जाते, क्लॅम्प मुद्दाम जास्त आवळून एक फेरी होते, आणि बाहेरच्या चौकटीला टांगलेलं रबरी टोकाचं कृत्रिम बोट ठरलेल्या वेळांना दाबतं. किती वेळा दाबलं आणि पॅनेलनं किती मोजलं, यांचा ताळा जमला पाहिजे. ही नोंदलेली रीडिंग जपून ठेवली आहेत. फर्मवेअरची नवी आवृत्ती आली की आधी तिला तीच रीडिंग चारली जातात.

शीतगृहातल्या सेटवर फर्मवेअर चढवलं, कोपऱ्यातला क्लॅम्प सैल केला. मोड आपोआप बदलणं थांबलं. नोंदींमध्ये मात्र १२.५ हर्ट्झचा हिस्सा अपेक्षेपेक्षा जास्त दिसत होता, म्हणून तिसऱ्या सिलिंडरचं नोझल काढून पंपवाल्याकडे तपासायला दिलं. मामांची तक्रार अजून एक आहे: खात्रीचा प्रश्न कशाला, एकदा दाबलं की झालं पाहिजे. त्यांना तो काढून हवाय. तो काढलेला नाही.